वेगवान पीसी, तोही शांत!

ओव्हरक्लॉकिंग म्हटलं की सगळे व्होल्टेज वाढवायला धावतात. हवेवर थंड होणारा शांत पीसी हवा असेल तर उलट करा, आधी व्होल्टेज उतरवा. उष्णता साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून थोडी कपातही जाणवते. उदाहरणार्थ, रायझन ५ ७६००एक्स हा प्रोसेसर स्वतःला ९५ अंशांपर्यंत तापू देतो. त्याचं व्होल्टेज उतरवायला बायॉसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझरला उणे १० द्या. चिप थंड राहिली की स्वतःच जास्त क्लॉक गाठते, हे बघायला फार मजा येते! आणखी खाली जायचं असेल तर प्रत्येक पायरी रात्रभर तपासा, नुसत्या फुल लोडवर नको. अस्थिर पीसी बरेचदा निवांत असतानाच रीस्टार्ट होतो. कूलर मोठाच घ्या. १४० मिमीचा पंखा लहान पंख्याइतकीच हवा कमी फेऱ्यांत, म्हणजे कमी आवाजात ढकलतो. विदर्भात असाल तर तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणारा फॅन कर्व्ह ऐन उन्हाळ्यात, मे महिन्यातच ठरवा.