नोकरी मिळाली तरी नागरिकत्व कायम

आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी कोणी ना कोणी महसूल खात्यात वा जिल्हा परिषदेत नोकरीस आहे. ‘तोंड उघडाल तर नोकरी जाईल’ ही भीती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. कायदा काय सांगतो, ते पाहू.

नेमणुकीमुळे कलम १९ चे भाषणस्वातंत्र्य संपत नाही. कामेश्वर प्रसाद खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने शासकीय सेवकांच्या निदर्शनांवरील सरसकट बंदी अवैध ठरवली. संपाचा मूलभूत हक्क मात्र मानला नाही. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास वर्तणूक नियमांची मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे.

राज्य शासनाच्या सेवकास कलम ३११ चे संरक्षण आहे. दोषारोप कळवून, चौकशीत बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय त्याला बडतर्फ वा पदावनत करता येत नाही; अपवाद मोजके आहेत. जिल्हा परिषद सेवकांसाठी १९६४ चे शिस्त व अपील नियम आहेत.

म्हणून नोटीस आली की घाबरून राजीनामा लिहून देऊ नये. दोषारोपपत्राची व पुराव्याच्या कागदांची प्रत मागावी, मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि पोच जपून ठेवावी. उद्या नोकरीत जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही कलमे आजच वाचून ठेवावीत.