गालिच्यावरील गळतीचे डाग धुतल्यानंतरही पुन्हा का उमटतात?

नवी दिल्ली : छतातून, वातानुकूलन यंत्राच्या निचरा नळीतून किंवा न्हाणीघराच्या भिंतीतून झिरपलेले पाणी गालिच्यावर तपकिरी डाग सोडून जाते. तो डाग धुतला जातो, गालिचा स्वच्छ दिसू लागतो आणि एक-दोन दिवसांत त्याच जागी, कधी पूर्वीपेक्षा मोठ्या आकाराचा डाग पुन्हा उमटतो. पावसाळ्यात अनेक घरांत, कार्यालयांत आणि अतिथिगृहांत येणारा हा अनुभव आहे. अशा वेळी दोष साबणाला दिला जातो आणि दुसऱ्या खेपेस अधिक पाणी व अधिक जोर लावून तीच जागा घासली जाते. प्रत्यक्षात डाग परतण्यास बहुधा हे वाढीव पाणीच कारणीभूत असते. डाग वर दिसत असला तरी त्याचा साठा गालिच्याच्या तळाशी असतो. हे ध्यानात न घेता केलेली प्रत्येक धुलाई त्या साठ्याला वर येण्यासाठी नवी वाट करून देते.

डाग वर कसा चढतो

समईतील तेल वातीवाटे ज्योतीपर्यंत चढते, त्याच तत्त्वाने गालिच्याच्या तळातील पाणी धाग्यांवाटे पृष्ठभागापर्यंत चढते. बारीक पोकळ्यांतून द्रव आपोआप वर खेचला जाण्याच्या या क्रियेला केशाकर्षण म्हणतात. पोकळी जितकी अरुंद, तितका द्रव अधिक उंच चढतो. गालिच्याची लव म्हणजे अशा हजारो वातींचा दाट समूहच होय.

गळतीचे पाणी गालिच्यावर पडते तेव्हा ते लवेत थांबत नाही. ते खालच्या विणीत, अस्तरात आणि अस्तराखालच्या मऊ थरात उतरते. वाटेत भेटलेली धूळ, जुन्या साबणाचे अंश आणि क्षार त्यात विरघळतात. पृष्ठभाग हवेच्या संपर्कात असल्याने बाष्पीभवन प्रामुख्याने तेथे होते. वरचे पाणी उडून गेले की त्याची जागा घेण्यासाठी खालचे पाणी वर येते. पाणी हवेत मिसळते. त्यासोबत आलेला मळ मात्र धाग्यांच्या टोकांवर साचत जातो. ओल असताना न दिसलेला डाग गालिचा वाळल्यावर दिसतो, तो यामुळे.

अशा डागाची कड मध्यभागापेक्षा गडद असते, त्यामागेही बाष्पीभवनच आहे. सांडलेल्या कॉफीच्या थेंबाभोवती गडद कडे का उमटते, याचे स्पष्टीकरण शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले होते. थेंबाची कड जागच्या जागी चिकटून राहते, तेथील पाणी उडून जाते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी मधले पाणी कणांसह कडेकडे वाहते. ओल्या गालिच्यातही ओल्या व कोरड्या भागांच्या सीमेवर असाच मळ गोळा होतो. म्हणूनच प्रत्येक धुलाईत ओल जितकी पसरते, तितके डागाचे कडेही बाहेर सरकते.

रंगावरून उगमाचा अंदाज

डागाचा रंग त्याच्या उगमाविषयी बरेच सांगतो. फिकट पिवळा ते तपकिरी रंग बहुधा गालिच्याच्या स्वतःच्या घटकांतून येतो. अनेक गालिच्यांच्या अस्तरात ताग असतो आणि तागात लिग्निन हे लाकडातही आढळणारे द्रव्य असते. ताग दीर्घकाळ ओला राहिल्यास त्यातील तपकिरी अंश पाण्यात उतरतात. जुन्या सुती धाग्यांतूनही अशी तपकिरी द्रव्ये सुटतात. साबण किंवा सोड्यासारखे अल्कधर्मी पदार्थ वापरल्यास हा रंग अधिक गडद होतो.

पांढरी, भुकटीसारखी रेघ दिसल्यास तो क्षार असतो. काँक्रीटच्या फरशीतून वा भिंतीतून येणारे पाणी क्षार सोबत आणते; भिंतीला लोणा लागतो तो असाच. तांबूस ठिपके फर्निचरच्या लोखंडी पायांचे किंवा खिळ्यांच्या गंजाचे असू शकतात. डागाची जागा वाळल्यावरही चिकट लागत असेल आणि काही आठवड्यांत काळपट होत असेल, तर तेथे साबण राहिला आहे आणि तो पायांची धूळ धरून ठेवत आहे, असे समजावे.

आधी गळती, मग डाग

डाग दोन कारणांनी परततो आणि त्यांतील फरक ओळखल्याशिवाय कोणताही उपाय लागू पडत नाही. साफसफाईनंतर एक-दोन दिवसांत डाग दिसला आणि मग तसाच राहिला, तर तळातील जुना मळ वर आला आहे. मात्र प्रत्येक मोठ्या पावसानंतर किंवा वातानुकूलन यंत्र चालविल्यानंतर डाग वाढत असेल, तर गळती अद्याप सुरू आहे. यंत्राची निचरा नळी धूळ व शेवाळाने तुंबणे, गच्चीचा जलरोधक थर निकामी होणे आणि न्हाणीघराच्या फरशीतील सांधे उघडे पडणे ही नेहमीची कारणे होत.

फरशीतूनच ओल येत असल्याची शंका असेल तर साधी चाचणी करता येते. गालिचा बाजूला करून कोरड्या दिसणाऱ्या फरशीवर सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवावा, त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि तो एक दिवस तसाच राहू द्यावा. प्लास्टिकच्या आतील बाजूस दव साचले किंवा खालची फरशी गडद झाली, तर पाणी खालून येत आहे. अशा फरशीवर गालिचा पुन्हा अंथरणे म्हणजे डागाला आमंत्रणच होय.

धुण्याऐवजी टिपणे

गळती थांबल्याची खात्री झाल्यावर उपायाचे सूत्र सोपे आहे. पाणी कमीत कमी वापरावे आणि तळातील मळ गालिच्याच्या टोकांवर न साचता कापडात उतरेल अशी व्यवस्था करावी.

प्रथम कोरड्या जागेवरील धूळ व्हॅक्युम क्लीनरने काढावी. त्यानंतर स्वच्छ पाण्याचा हलका फवारा मारून डागाची जागा केवळ दमट करावी. जुना साबण तळात शिल्लक असण्याची शक्यता असल्याने आरंभी नवा साबण टाळलेला बरा. पांढरे सुती कापड दाबून ओल टिपावी आणि हे काम कडेकडून मध्याकडे करावे, म्हणजे डाग पसरत नाही. घासल्याने लव विस्कटते व धागे पिंजले जातात. कापडावर तपकिरी छटा उमटणे हे मळ निघत असल्याचे लक्षण आहे. छटा उमटेनाशी होईपर्यंत कापडाची कोरडी बाजू वापरत राहावे.

यानंतरचा टप्पा बहुतेक जण वगळतात आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. दमट जागेवर पांढऱ्या टॉवेलची जाड घडी ठेवून तिच्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या विटा किंवा तत्सम वजन रात्रभर ठेवावे. तळातून चढणारे पाणी आता धाग्यांच्या टोकांशी न थांबता टॉवेलमध्ये शिरते आणि मळही त्यासोबत जातो. सकाळी टॉवेलवर डागाची आकृती उमटलेली दिसते. ती पुसट होईपर्यंत, प्रत्येक वेळी गालिचा पूर्ण वाळू देऊन, हीच कृती दोन-तीनदा करावी.

तेलकट मळ असल्यास एक लिटर पाण्यात एक लहान चमचा सौम्य द्रव साबण पुरेसा होतो. नंतर साध्या पाण्याच्या दमट कापडाने तो टिपून घ्यावा. तागामुळे आलेल्या तपकिरी छटेवर एक भाग पांढरे व्हिनेगर व दोन भाग पाणी यांचा हलका फवारा उपयोगी पडतो, कारण सौम्य आम्ल तेथील अल्कधर्मी अंश निष्प्रभ करते. क्लोरीनयुक्त ब्लीच मात्र वापरू नये. ते लोकरीचे धागे विरघळवते आणि व्हिनेगरशी मिसळल्यास त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

गालिचा कोणता, हे आधी पाहावे

वरील कृती कारखान्यात तयार झालेल्या कृत्रिम धाग्यांच्या गालिच्यांना निर्धोकपणे लागू पडते. हातविणीच्या गालिच्यांची गोष्ट वेगळी आहे. उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूर परिसर आणि काश्मीर ही या कलेची देशातील प्रमुख केंद्रे असून भदोहीच्या गालिच्याला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा एका गालिच्यामागे विणकरांचे कित्येक महिन्यांचे श्रम असतात आणि चुकीच्या एका धुलाईत त्याचे रंग एकमेकांत मिसळू शकतात.

मागची बाजू उलटून पाहिली की प्रकार कळतो. गाठींची नक्षी मागेही स्पष्ट दिसत असेल तर गालिचा हातविणीचा आहे. मागे कापड चिकटविलेले असेल तर तो टफ्टेड प्रकारचा असून त्यातील धागे लॅटेक्सच्या थराने धरून ठेवलेले असतात. हा थर फार वेळ ओला राहिल्यास सुटू लागतो. कोणताही द्रव वापरण्यापूर्वी पांढरे ओले कापड गालिच्याच्या कोपऱ्यावर दाबून पाहावे. कापडावर रंग उतरला तर घरगुती उपाय तेथेच थांबवून गालिचा जाणकार धुलाईकाराकडे सोपवावा. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. त्यामुळे स्पर्शावरून ती वाळल्याचा निष्कर्ष काढणे फसवे ठरते.

वाळविण्याची दिशा

पंख्याची हवा केवळ वरून सोडल्यास पृष्ठभागावरील बाष्पीभवन वाढते आणि डागही तेथेच साचतो. शक्य असल्यास गालिच्याची कड उचलून खाली आधार द्यावा आणि हवा तळातून खेळू द्यावी. सुटा गालिचा पालथा घालून वाळविणे अधिक श्रेयस्कर, कारण मग वर चढणारा मळ मागच्या बाजूस जमतो. फर्निचर परत ठेवायचे झाल्यास त्याच्या पायांखाली प्लास्टिकचे तुकडे घालावेत. एरवी गंज आणि पॉलिशचे नवे डाग पडतात.

हवामानाचा विचारही आवश्यक आहे. दिल्ली किंवा राजस्थानात मे महिन्यात खिडक्या उघड्या ठेवून पंखा लावणे पुरेसे असते. मुंबई, कोकण, गोवा किंवा केरळच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते. तेथे खिडक्या बंद ठेवून वातानुकूलन यंत्र ‘ड्राय’ पद्धतीवर किंवा आर्द्रता शोषणारे यंत्र चालविणे हितावह ठरते.

वेळेचे बंधनही कडक आहे. ओले झालेले सामान २४ ते ४८ तासांत वाळविले तर बुरशीची वाढ बहुतेक वेळा टळते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मार्गदर्शन सांगते. बुरशीचे बीजाणू दमेकरी आणि ॲलर्जी असलेल्या व्यक्तींना विशेष त्रासदायक ठरतात. रांगणारी मुले तर गालिच्याच्या सर्वांत निकट असतात.

कधी मोह सोडावा

सांडपाणी, मैलापाणी किंवा पुराचे पाणी शिरलेला सर्वसाधारण गालिचा वाचविण्याचा प्रयत्न करू नये. त्यातील जंतू घरगुती स्वच्छतेने जात नाहीत. वाळल्यानंतरही कुबट वास येत असेल किंवा अस्तरावर काळे-हिरवे ठिपके दिसत असतील, तर गालिच्याखालचा मऊ थर तरी बदलावाच लागतो. हातविणीचा गालिचा दुमडताना करकर आवाज येत असेल, तर त्याचे सुती ताणे कुजू लागले आहेत. अशा वेळी दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचा सल्ला घेणे इष्ट.

डाग खरोखर गेला की नाही, हे साफसफाईच्या दिवशी ठरत नाही. गालिचा पूर्ण वाळल्यानंतर तीन-चार दिवसांनी, दिवसाच्या उजेडात पृष्ठभाग पाहावा आणि कड उचलून अस्तराला हात लावावा. तळ कोरडा, वास नाहीसा आणि कडा पुसट असतील तर काम पूर्ण झाले आहे. तळ गार व दमट लागत असेल तर साबणाची बाटली बाजूला ठेवून पुन्हा गळतीच्या शोधाला लागावे.