शेकाचा त्रास आधी ओळखता येतो काय?

मुखाच्या, घशाच्या वा स्वरयंत्राच्या कर्करोगावर साडेसहा-सात आठवडे, बहुधा आठवड्यातून पाच दिवस, एकूण ६६ ते ७० ग्रे मात्रेपर्यंत दिले जाणारे किरणोपचार, ज्यांना आपल्याकडील रुग्ण 'शेक' म्हणतात, रोगाचा नाश करतात. परंतु वाटेतील निरोगी ऊतींनाही त्यांची झळ पोहोचते, आणि तीच मात्रा एकास सुसह्य तर दुसऱ्यास असह्य ठरते. हा फरक आगाऊ दर्शवील असे शरीरातील मोजता येण्याजोगे लक्षण, म्हणजे जैवसूचक अथवा बायोमार्कर, शोधण्याचे कार्य जगभर चालू आहे. त्याविषयीचे गैरसमज रुग्णांचेच नुकसान करतात, म्हणून त्यांची छाननी अगत्याची आहे.

गैरसमज : त्रास जास्त झाला, म्हणजे यंत्रात किंवा उपचार देणाऱ्यात काही खोट आहे.

वस्तुस्थिती : तोंडाच्या अस्तराची झीज भरून काढणाऱ्या तळाच्या पेशी किरणांनी मंदावतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अस्तर प्रथम लाल होते, मग त्यावर पांढरट पापुद्रे धरतात आणि मऊ भाताचा घासही झोंबू लागतो, हे यथायोग्य उपचारांतही घडते. त्याची तीव्रता मात्रा, किरणांखाली आलेला भाग, जोडीला दिलेले सिस्प्लॅटिनसारखे औषध, तंबाखूचे व्यसन, पोषण आणि पेशींची उपजत दुरुस्तीक्षमता या सर्वांवर अवलंबून असते. एटीएम जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेसिया या विकारात साधारण मात्राही भयंकर ठरते, हा उपजत कारणाचा ठळक दाखला होय. मात्र असे रुग्ण अत्यंत विरळा.

गैरसमज : रक्ताच्या एका जनुकीय तपासणीने सारे कळते.

वस्तुस्थिती : टीजीएफबी-१ या जनुकातील एका भेदामुळे किरणोपचारांनंतर ऊती ताठरतात, असे आरंभीच्या लहान अभ्यासांनी सुचविले होते, परंतु २००९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओजिनॉमिक्स संघाने ११ गटांतील, स्तनावर किरणोपचार झालेल्या २७८२ रुग्णांचा तपशील एकत्र करून २०१२ साली तपासला, तेव्हा तो संबंध टिकला नाही. २०२२ साली डोके व मान यांच्या कर्करोगाच्या रुग्णांचा संपूर्ण जनुकसंच धुंडाळताना पाचव्या गुणसूत्रावरील स्टिंग-१ जनुकाजवळ तोंड सोलवटण्याशी निगडित एक भेद आढळला, ही आशादायक वार्ता खरी. पण अशा भेदांचा एकेकट्याचा प्रभाव सहसा अल्प असतो, आणि त्यांतून शक्यता कळते, निकाल नव्हे.

फ्रान्समधील माँपेलिए येथे विकसित झालेली दुसरी चाचणी जनुकांऐवजी पेशींचे वर्तनच पाहते. थोड्या रक्तास परीक्षानळीत ८ ग्रे मात्रा देऊन दोन दिवसांनी किती लसिकापेशी मेल्या ते मोजतात. आणि ज्याच्या पेशी अधिक मरतात त्यास पुढे दीर्घकालीन त्रास कमी होण्याकडे कल दिसतो, हे प्रथमदर्शनी उलटे वाटणारे निरीक्षण होय. तिचा पुरावा मुख्यतः स्तन व प्रोस्टेट यांच्या कर्करोगातील आहे. म्हणून ती मुखाच्या कर्करोगास जशीच्या तशी लागू करणे उतावीळपणाचे ठरेल.

गैरसमज : एचपीव्ही या विषाणूची तपासणी अनुकूल आली, म्हणजे त्रासही कमी होणार.

वस्तुस्थिती : घशाच्या कर्करोगात ती रोग बरा होण्याच्या संभाव्यतेविषयी सांगते, निरोगी ऊतींच्या सहनशक्तीचे ते प्रमाणपत्र नव्हे.

गैरसमज : खात्रीची चाचणी नाही, तोवर सारे नशिबाच्या हवाली.

वस्तुस्थिती : तोंड कोरडे पडण्याच्या बाबतीत आज सर्वांत भरवशाचा सूचक म्हणजे कानाखालच्या लाळग्रंथीस मिळणारी सरासरी मात्रा, ती एका ग्रंथीस २० अथवा दोन्हींस २५ ग्रेच्या आत ठेवावी, अशी २०१० पासूनची शिफारस आहे. ब्रिटनमधील पारस्पोर्ट चाचणीत, २०११ सालच्या अहवालानुसार, किरणांची तीव्रता जागोजागी बदलून ग्रंथी वाचविणाऱ्या पद्धतीने वर्षअखेर तोंड लक्षणीय कोरडे राहणाऱ्यांचे प्रमाण ७४ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी तर उपचारापूर्वीच्या सीटी प्रतिमेतील लाळग्रंथीच्या पोतावरूनही हा धोका अधिक नेमका वर्तविता येतो, असे दाखविले आहे.

गैरसमज : धोका जास्त दिसला, तर शेक टाळावा किंवा मध्येच थांबवावा.

वस्तुस्थिती : उपचार एकेक दिवस लांबला तरी रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक-दीड टक्क्याने घटते, असा अनेक अभ्यासांचा हिशेब आहे, म्हणून धोक्याची आगाऊ सूचना माघारीचे फर्मान न मानता तयारीची संधी मानली पाहिजे. खराब दात उपचारापूर्वीच काढून जखम भरू देणे, तंबाखू पूर्णपणे सोडणे, गिळण्याचे व्यायाम आरंभापासून करणे, वजनावर लक्ष ठेवणे आणि गरज पडल्यास नळीवाटे अन्नाची तजवीज करणे, ही तयारी आज प्रत्येक रुग्णास करता येते. ती सर्वाधिक जोमाने कोणासाठी करावी एवढे जरी उद्याच्या जैवसूचकांनी विश्वासाने सांगितले, तरी सात आठवड्यांची ती कठीण वाट अनेकांना अर्ध्यात न सोडता पार करता येईल.