सातपुड्यातले जजिरे

जजिरा म्हटले की आपल्याला मुरूडचा जंजिरा आठवतो. राजापुरीच्या खाडीच्या तोंडाशी, समुद्रातल्या खडकावर उभा असलेला सिद्दींचा किल्ला. अरबी-उर्दूत ‘जजीरा’ म्हणजे बेट. मराठीत त्याचा ‘जंजिरा’ झाला. पण खडकाळ बेट पाहायला समुद्रावरच जावे लागते असे नाही. आमच्या मोलगीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या रांगा उतरून गेले की नर्मदेच्या पाण्यात अशी बेटे दिसतात.

नर्मदा महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहते. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांचे डोंगर थेट तिच्या काठावर उतरतात. कातळ तोच काळा बेसॉल्ट, जो कोकणच्या किनाऱ्यावर दिसतो. खाली गुजरातेत केवडियाजवळ सरदार सरोवर धरण आहे. 2006 मध्ये त्याची उंची 121.92 मीटर झाली, 2017 मध्ये 138.68 मीटरवर काम पूर्ण झाले आणि सप्टेंबर 2019 मध्ये ते प्रथमच पूर्ण भरले. या पाण्याने महाराष्ट्रातील 33 गावे बाधित झाली. दऱ्या आणि नाल्याकाठची शेते बुडाली. डोंगराच्या सोंडेत जिथे सखल खिंड होती तिथे पाणी शिरले आणि पुढचा माथा बेट बनला.

मुलांना हे घरीच दाखवता येईल. मोठ्या भगोन्यात ओबडधोबड दगड ठेवा आणि थोडेथोडे पाणी ओता. दर वेळी पाणी जिथे टेकते तिथे खडूने रेघ मारा. नकाशातली समोच्च रेषा ती हीच. मग पाणी काढत जा. बेट पुन्हा जमिनीला जोडले जाईल. नर्मदेवरही असेच घडते. पावसाळ्याअखेर जे बेट असते, ते उन्हाळ्यात पाणी ओसरले की द्वीपकल्प होते आणि मधे गाळ उरतो.

मराठीत बेट आणि द्वीपकल्प हे शब्द वेगळे आहेत. अरबीत मात्र तीन बाजूंनी समुद्र असलेल्या अरबस्तानालाही ‘जजीरतुल अरब’ म्हणतात. दजला आणि फुरात या नद्यांमधला प्रदेशही ‘अल-जजीरा’च. आमच्या डोंगरांना हा शब्द बारा महिने शोभतो.

या माथ्यांच्या आसपास आदिवासी बांधवांचे पाडे आहेत. किराणा, शाळा, बाळंतीण, सगळ्यांची वाट बोटीने. आजाऱ्यांसाठी तरंगता दवाखाना आहे, निवडणुकीत कर्मचारी मतदान यंत्रे घेऊन बोटीने जातात. पाणी चढले, वारा सुटला की तीही वाट बंद होते.

चारही बाजूंनी पाणी असलेला भूभाग म्हणजे बेट, ही व्याख्या मुले पाठ करतात. तिथे ताप आलेल्या मुलाला दवाखान्यात कसे न्यायचे, हा प्रश्नही त्यांना विचारा. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने फार मोठा मानला आहे, आणि पाण्यापलीकडचा शेजारीही शेजारीच असतो.