मैदान सोडणारी मुले आणि जन्माचा महिना

पाचवीत रोज संध्याकाळी तुमच्याबरोबर खेळणारा एखादा मित्र आठवीपर्यंत मैदानावर दिसेनासा झाला, असा अनुभव तुम्हांला आला असेल. विचारले तर तो म्हणतो, "मला नाही जमत खेळ." मुले खेळ सोडतात याची कारणे अनेक आहेत. कुणाची शिकवणीची वेळ आड येते, कुणाला दुखापत होते, कुणाला बुटांचा आणि प्रवासाचा खर्च परवडत नाही. मुलींना तर पुष्कळदा सोबतीणच मिळत नाही. पण "मला जमत नाही" हे कारण आज आपण तपासून पाहू. ते नेहमी खरे असते काय?

स्पर्धांतील गट वयावरून पाडतात. समजा, एका गटाची सीमा १ जानेवारी आहे. एकाच वर्षी १ जानेवारीला जन्मलेला अजय आणि ३१ डिसेंबरला जन्मलेला विजय या गटात आहेत. नियमाच्या दृष्टीने दोघे समवयस्क. प्रत्यक्षात अजय जवळजवळ एका वर्षाने मोठा. दहाव्या-अकराव्या वर्षी मुलांची उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. विजय १४० सेंटिमीटर उंच असेल, तर अजय सुमारे १४५.५ सेंटिमीटर, म्हणजे ४ टक्के जास्त उंच असेल. हा फरक किरकोळ वाटतो. पण शरीराची ठेवण तीच राहिली, तर वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.०४ चा घन करून पाहा. उत्तर सुमारे १.१२ येते, म्हणजे वजन १२ टक्के जास्त! संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, हे तुम्ही शिकला आहात. तेव्हा चेंडूसाठी दोघे सारख्याच वेगाने एकमेकांवर धडकले, तर मागे कोण फेकला जाईल हे सांगायला नको.

निवड करणाऱ्याला मात्र दिसते ते एवढेच की, अजय 'चांगला' खेळतो.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. तेथे गटाची सीमा १ जानेवारी होती. वरच्या दर्जाच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खेळाडू शेवटच्या तीन महिन्यांतल्यांपेक्षा कितीतरी अधिक निघाले.

तुम्ही शंका घ्याल, जानेवारीत जन्मलेली मुले मुळातच काटक नसतील कशावरून? शंका रास्त आहे. प्रयोगशाळेत आपण बाकीचे घटक कायम ठेवून एकच घटक बदलतो. बेल्जियममध्ये असा प्रयोग आपोआप घडला. तेथील फुटबॉलच्या वयोगटांची सीमा १९९७ साली १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणण्यात आली. वेर्नर हेल्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, पूर्वी ऑगस्टनंतर लगेच जन्मलेल्यांचा असलेला वरचष्मा गेला आणि जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांचा आला. बदलली होती ती फक्त कागदावरची तारीख.

एका वर्षाचा हा फरक वयाबरोबर बुजून जायला हवा. तो टिकतो कसा? शाळेच्या संमेलनात माइक कर्ण्यासमोर नेला की कर्कश शिट्टी वाजते. कर्ण्यातला आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा शिरतो आणि वाढतच जातो. अजयचेही तसेच होते. निवड झाली म्हणून त्याला चांगले मार्गदर्शन, जास्त सामने आणि शाबासकी मिळते. त्यामुळे पुढच्या वर्षी तो खरोखरच वरचढ ठरतो. विजय बाकावर बसून राहतो. हेल्सेन यांच्या १९९८ सालच्या दुसऱ्या अभ्यासात दिसून आले की, गटाच्या वर्षात उशिरा जन्मलेली मुले बाराव्या वर्षापासूनच फुटबॉल सोडू लागतात.

त्यात पौगंडावस्थेची भर पडते. कुणाची उंची बाराव्या वर्षीच भराभर वाढते, कुणाची पंधराव्या वर्षी. त्यामुळे वाढदिवस एकच असलेल्या दोन मुलांतही मोठे अंतर पडू शकते. उशिरा वाढणारा मुलगा कमी प्रतीचा नसतो. त्याची वेळ आलेली नसते, इतकेच.

यावर उपाय आहे काय? नेदरलँड्समध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निवडकर्त्यांच्या हाती नुसत्या जन्मतारखा दिल्या, तेव्हा त्यांचा कल मोठ्या मुलांकडेच राहिला. पण सदऱ्यांवरचे आकडे वयाच्या क्रमाने दिले आणि तसे त्यांना सांगितले, तेव्हा तो कल नाहीसा झाला! खर्च काहीच नाही. शिक्षकांनी आपल्या मैदानावर हे अवश्य करून पाहावे.

तुम्हीही एक प्रयोग करा. शाळेच्या सर्व संघांतील खेळाडूंचे जन्ममहिने लिहून घ्या व स्तंभालेख काढा. शेजारी साऱ्या शाळेचा स्तंभालेख काढा, कारण तुलनेवाचून अनुमान काढता येत नाही. आकडे थोडे असतील तर दोनतीन शाळांचे एकत्र करा. आजोबांच्या पिढीच्या याद्या मात्र घेऊ नका. त्या काळी पुष्कळांची जन्मतारीख शाळेत गुरुजींनीच '१ जून' लिहिलेली असे!

आपल्या शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. म्हणजे एकाच गटात दोनतीन वर्षांचेही अंतर असू शकते. तेव्हा यंदा संघाच्या यादीत तुमचे नाव लागले नाही, तर बूट माळ्यावर टाकण्यापूर्वी यादीतल्या मुलांच्या जन्मतारखा एकदा पाहून घ्या.