चाचणीच्या कागदावरील सही

समजा, बिबवेवाडीतल्या एका घरातील आठ वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी तो हटला, घरच्यांचा जीव भांड्यात पडला, आणि दीड वर्षाने तो पुन्हा उलटला. डॉक्टर म्हणतात, पेशींच्या उपचाराची चाचणी कोठे चालू असल्यास पाहू. आईबापांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की आमच्या पोरीवर प्रयोग करणार काय? आमच्या मते हा प्रश्न शहाणपणाचा आहे, आणि त्याला सरळ 'नाही' म्हणणारा खरे बोलत नाही.

प्रथम उपचार काय तो पाहू. मुलांच्या या रोगात बहुधा बी जातीच्या अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. त्यांच्या अंगावर सीडी-१९ नावाची खूण असते. रक्तात टी-पेशी हे पहारेकरी असतातच. पण चोर घरचाच, म्हणून तो त्यांना ओळखू येत नाही. तेव्हा रुग्णाच्याच टी-पेशी काढून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांत नवे जनुक घालतात, त्या वाढवितात आणि शिरेतून परत सोडतात. आता पहारेकऱ्यांना खूण पटते.

कधी ते भलतेच चवताळतात. २०१२ साली फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एमिली व्हाइटहेड ही मुलगी या उपचारानंतर मरणाच्या दारी गेली. संधिवातावरच्या एका औषधाने ती सावरली आणि तिचा रोगही गेला. पुढे अकरा देशांतील चाचणीत ७५ मुले व तरुणांना या पेशी दिल्या. तीन महिन्यांत शेकडा ८१ जणांचा रोग दिसेनासा झाला. मात्र त्यांपैकी वर्षभर रोग न उलटता राहिले ते शेकडा ५९ च्या आसपास. पहिला आकडा सगळे सांगतात. दुसरा मुद्दाम विचारावा लागतो.

आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत अशा पेशी घडल्या आणि टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत जून २०२१ मध्ये पहिल्या रुग्णाला दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी परवानगी मिळाली, ती पंधरा वर्षे व त्यापुढील रुग्णांसाठी. आपली मुलगी आठ वर्षांची! म्हणून तिच्यासारख्यांना चाचणीचीच वाट उरते.

आता सहीचे. पहिल्या टप्प्याची चाचणी मुख्यतः विचारते, किती पेशी दिल्या तर शरीराला सोसतील? मूल बरे व्हावे ही आशा डॉक्टरांनाही असतेच. पण कागदावरचा प्रश्न निराळा असतो, आणि तो समजून घेतल्यावाचून पेन उचलू नये. टप्पा कितवा, पेशी तयार होईपर्यंत रोग कसा आवरणार, खर्च कोणाचा, हे विचारावे. वाटेल तेव्हा माघार घेता येते. त्यामुळे नेहमीचे उपचार तुटत नाहीत. सात वर्षांवरील मुलाचा होकारही घ्यावा लागतो. तेव्हा मुलीला विचारतील त्या वेळी आईने जवळ बसावे, मात्र उत्तर तिलाच देऊ द्यावे.

आणखी एक घरगुती गोष्ट. पेशी दिल्यावर सुमारे महिनाभर रुग्णालयाजवळच राहावे लागते. रात्री ताप चढल्यावर बिबवेवाडीहून घाट उतरून शंभरावर किलोमीटर जाणे परवडायचे नाही. तेव्हा सहीच्या आधीच तेथे खोलीची सोय पाहावी, आणि धाकट्या भावंडाला कोणाकडे ठेवायचे तेही ठरवावे.