काळीच्या पोटात

१० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ क्षमतेचा भूकंप झाला, तो परभणीतही जाणवला. अशा धक्क्यात एक घर जास्त हलतं, दुसरं कमी. असं का, याचं अर्धं उत्तर पायाखालच्या जमिनीत असतं. विहीर खोदणाऱ्यांना आपल्याकडचा क्रम पाठ आहे: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पाषाण. पण शहरात गल्लोगल्ली विहिरी कोण खोदणार? तिथे घण कामाला येतो.

परभणीतल्या एखाद्या मोकळ्या मैदानावर हे थर मोजायचे, तर दोन-दोन मीटरवर सरळ रेषेत २४ जिओफोन रोवायचे. जिओफोन म्हणजे मुठीएवढी डबी. खाली खिळा, आत चुंबक आणि स्प्रिंगवर टांगलेली तारेची गुंडाळी. जमिनीबरोबर चुंबक हलतं, गुंडाळी मागे राहते आणि तारेत बारीकशी वीज उमटते. उन्हाळ्यात काळीला भेगा पडतात. खिळा सैल बसला तर नोंद वाया. म्हणून वरची भुसभुशीत माती खरवडून, खालच्या घट्ट मातीत तो ठोकायचा. मग रेषेच्या टोकापलीकडे लोखंडी प्लेट ठेवून तिच्यावर आठ किलोचा घण घालायचा. एकदा नव्हे, आठ-दहा वेळा. सगळ्या नोंदींची बेरीज केली की ठोका ठळक होतो आणि रस्त्यावरच्या ट्रकची घरघर फिकी पडते.

खरी गंमत पुढे आहे. ठोक्याची बरीचशी ऊर्जा जमिनीच्या अंगालगत धावते. ही लाट लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये गणिताने मांडली होती. तिच्यात आखूड आणि लांब लाटा एकत्र निघतात. आखूड लाट वरच्या मातीतच घुटमळते, लांब लाट खोलवरचा टणक खडक चाचपत पुढे पळते. पहिल्या जिओफोनजवळचा पुंजका चोविसाव्यापर्यंत पांगलेला असतो, आणि ही पांगापांगच थरांची खबर देते. समजा, ५० हर्ट्झची लाट सेकंदाला १५० मीटर गेली; तिची लांबी ३ मीटर. १० हर्ट्झची ४०० मीटर गेली. लांबी ४० मीटर. ढोबळमानाने लाट आपल्या निम्म्या लांबीएवढ्या खोलीची खबर आणते: एक दीड मीटरची, दुसरी २० मीटरची.

आता या पांगापांगीवरून १० मीटर मऊ माती निघाली आणि तिच्यातून आडव्या कंपनांची लाट सेकंदाला २०० मीटर जाते, असं धरू. वेगाला खोलीच्या चौपटीने भागलं की ५ हर्ट्झ येतात; ही त्या मातीच्या डोलण्याची लय. दुमजली घराचा झोकाही साधारण तेवढाच. दोघांची लय जुळली की धक्का वाढतो. कुठली जमीन कोणत्या लयीत डोलते, हेच शहराच्या नकाशावर रंगवायचं असतं.

मात्र लाटांच्या वेगाच्या एकाच आलेखात दोन-तीन थररचना बसू शकतात. म्हणून तो जवळच्या बोअरशी ताडून पाहावाच लागतो. मुरूम किती फुटांवर लागला, हे बोअरच्या मशीनवाल्यांना बाहेर येणाऱ्या भुकटीवरून कळतं. वस्तीवस्तीतले ते आकडे कुणीतरी वहीत उतरवून ठेवायला हवेत.